गैरसमज नेमका कोणाचा? भिलाईचा हायड्रोजन आणि दल्लीचा हिशोब

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाखाली तीन प्रायोगिक प्रकल्पांना मंजुरी दिली. एकूण साहाय्य सुमारे 347 कोटी रुपये. या तिघांपैकी एका प्रकल्पाचा धागा भिलाईला जोडलेला आहे: सिम्प्लेक्स कास्टिंग्ज या भिलाईच्या कंपनीच्या समूहात आयआयटी भिलाईही सहभागी आहे. दगडी कोळशाऐवजी निव्वळ हायड्रोजनने लोहखनिजातला प्राणवायू काढून घ्यायचा आणि रोज 40 टन लोह तयार करायचे, असे त्याचे स्वरूप. विज्ञानप्रेमी माणसाला आनंद व्हावा अशीच ही बातमी आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तर ती देखणी आहे: एका बाजूने गंज, दुसऱ्या बाजूने हायड्रोजन, निघते ते लोखंड आणि पाण्याची वाफ.

अशा बातम्यांना मात्र एक ठरलेले शेपूट असते. लोकांच्या मनात नव्या तंत्रज्ञानाविषयी गैरसमज आहेत, ते दूर करण्यासाठी जनजागृती करावी लागेल, असे कोणीतरी तज्ज्ञ सांगतो आणि बातमी संपते. हायड्रोजन असो, अणुभट्टी असो, जनुकसंस्कारित वाण असो वा डोंगराच्या पोटातली प्रयोगशाळा असो, शेपूट बदलत नाही. त्यामागचे गृहीतक असे की शास्त्रज्ञाकडे ज्ञान आहे आणि लोकांकडे भीती. ज्ञान ओतले की भीती वाहून जाईल. हे गृहीतक चुकीचे आहे आणि ते किती चुकीचे आहे हे दाखवण्यासाठी भिलाईइतके चांगले गाव भारतात शोधून सापडणार नाही.

भिलाईचा करार सोव्हिएत संघाशी 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला. (तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, भिलाईच्या सेक्टरांमधून आजही कानावर पडणाऱ्या मराठीचे मूळ काही अंशी या इतिहासात आहे.) 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळी झोतभट्टी आणि कोक ओव्हन हेच ‘उदयोन्मुख तंत्रज्ञान’ होते. साठ-पासष्ट वर्षे त्या तंत्रज्ञानाच्या सावलीत राहिलेल्या शहराला नव्या भट्टीविषयी काही प्रश्न पडत असतील, तर त्या प्रश्नांना अज्ञान म्हणण्यापूर्वी त्या शहराच्या आठवणीत काय आहे ते पाहणे हे साध्या वैज्ञानिक शिस्तीचे काम आहे. निरीक्षणे आधी, निष्कर्ष नंतर.

12 जून 2014. कारखान्याच्या एका पंपगृहात पाण्याचा दाब पडला, आणि पाण्याने अडवून धरलेला भट्टीचा वायू उलटा शिरला. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास. सहा माणसे गेली, आणि त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. हा तपशील मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. मेलेले अडाणी नव्हते. वायू काय आहे, त्याचे गुणधर्म काय आहेत, हे त्यांना पोस्टर लावणाऱ्या कोणत्याही जनजागृती अधिकाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. त्यांना मारले ते ज्ञानाच्या अभावाने नव्हे, पाण्याचा दाब पडला तर काय होईल या प्रश्नाकडे यंत्रणेने पुरेसे न पाहिल्याने. पुढे 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक ओव्हन वायूच्या नळावर देखभालीचे काम चालू असताना स्फोट झाला आणि डझनाहून अधिक कामगार दगावले. कारखान्याच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पदावरून हटवण्यात आले. दोन्ही वेळा तंत्रज्ञान जुने, सुपरिचित, पाठ्यपुस्तकात शिकवले जाणारे होते.

आता हायड्रोजन. हवेत त्याचे प्रमाण सुमारे 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कुठेही असले तरी तो पेट घेऊ शकतो. पेटायला लागणारी ऊर्जा मिलिज्यूलच्या पन्नासाव्या भागाइतकी. कपड्यावर साचलेल्या स्थिर विद्युतभाराची ठिणगीसुद्धा पुरे. ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी: तो विषारी नाही, आणि हवेपेक्षा चौदापट हलका असल्याने मोकळ्या जागेत झरकन वर निघून जातो. छताखाली मात्र साचतो. म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा धोका जाऊन वेगळ्या जातीचा धोका येतो. 2014 चा जून पाहिलेल्या कामगाराच्या घरातल्या मुलीने ‘छताखाली साचला तर?’ असे विचारले, तर तिला भीती वाटते असे म्हणायचे की ती अभियांत्रिकीचा नेमका प्रश्न विचारते आहे असे म्हणायचे?

शब्दांचेही असेच आहे. हायड्रोजनने जे लोह बनते त्याला तांत्रिक भाषेत ‘स्पंज आयर्न’ म्हणतात. आणि हा शब्द छत्तीसगडमध्ये उच्चारून पाहावा! रायपूरजवळच्या सिलतरा आणि उरला पट्ट्यात स्पंज आयर्न म्हणजे कोळशावर चालणाऱ्या फिरत्या भट्ट्या, अंगणात आणि भातावर बसणारी काळी भुकटी, आणि रात्री धूळ अडवणारी यंत्रे बंद ठेवल्याच्या वर्षानुवर्षांच्या तक्रारी. हायड्रोजनच्या उभ्या भट्टीत कोळसा नाही, त्यामुळे ती काजळीही नाही. रसायनशास्त्र साफ वेगळे आहे. पण गावकरी शब्द ऐकून दचकतो तेव्हा तो गैरसमजाने नव्हे, अनुभवाने दचकतो. धूळ अडवणारे यंत्र तेव्हाही बसवलेले होतेच. त्याची शंका यंत्रावर नाही. यंत्र रात्री चालू राहील की नाही यावर आहे. आणि त्या शंकेला रासायनिक समीकरण हे उत्तर नाही.

याहून खोलातला प्रश्न विजेचा आहे. तो कोणत्याही भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला कागदावर सोडवता येईल. समीकरणानुसार एक टन लोहाला साधारण 54 किलो हायड्रोजन लागतो. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला आजच्या यंत्रांना 50 ते 55 युनिट वीज लागते. म्हणजे टनामागे सुमारे 2,800 युनिट, आणि ही केवळ हायड्रोजनची वीज. लोह वितळवण्याची वेगळी. देशाच्या ग्रीडमधील वीज एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. गुणाकार करावा: टनामागे जवळपास दोन टन. कोळशावरच्या झोतभट्टीतून निघणारे पोलादही टनामागे दोन-सव्वादोन टनांच्या आसपासच असते. अर्थात ग्रीडची वीज वापरली तर भिलाईची चिमणी स्वच्छ होईल आणि धूर कोरब्याच्या औष्णिक केंद्रांवर निघेल. कोरब्याच्या माणसाने ‘मग हे हरित कोणासाठी?’ असे विचारले तर त्याचे गणित बरोबर आहे, आणि ‘शून्य उत्सर्जन’ असा मथळा देणाऱ्याचे चूक.

सरकारच्या व्याख्येला याची जाणीव आहे, हे मान्य करायला हवे. ऑगस्ट 2023 मध्ये ठरलेल्या निकषाप्रमाणे ‘हरित’ म्हणवून घ्यायचे तर एक किलो हायड्रोजनमागे 2 किलोपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड चालत नाही. ग्रीडच्या विजेवर हाच आकडा 35 किलोच्या पुढे जातो. निकष कडक आहे. पण तो बारा महिन्यांच्या सरासरीवर मोजला जातो, आणि सरासरी हा फार मनमिळाऊ प्राणी आहे.

म्हणून सूर्यप्रकाशाची वीज हवी. रोजच्या 40 टनांसाठी ती मिळवणे अवघड नाही; सरासरी पाच मेगावॅट पुरतील. परंतु प्रायोगिक प्रकल्प उद्याच्या मोठ्या प्रकल्पासाठीच असतो. भिलाई पोलाद कारखान्याची विस्तारित क्षमता वर्षाला सुमारे 70 लाख टनांची आहे. एवढे लोह हायड्रोजनने करायचे ठरवले, तर केवळ हायड्रोजनसाठी वर्षाला सुमारे 20 अब्ज युनिट लागतील. सौर पटलांची भाषा करायची तर दहा-अकरा हजार मेगावॅट, आणि एका मेगावॅटला चार एकर धरले तर चाळीस-पंचेचाळीस हजार एकर जमीन. हिशोब ढोबळ आहे, इकडेतिकडे दहा-वीस टक्के होतील; पण शून्ये बदलणार नाहीत. ती जमीन कोणाची? हा प्रश्न पर्यावरणवाद्यांचा अडथळा नव्हे. तो प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर असायला हवा.

प्रत्येक भीती खरीच असते असे मात्र नाही, आणि तसे म्हणणेही लोकांचा अपमान करणेच आहे. पाण्याचे उदाहरण घ्यावे. तांदुला जलाशयाच्या पाण्यावर शेतकऱ्यांचे आणि कारखान्याचे नाते जुने आणि कडवट आहे. त्यामुळे ‘हायड्रोजन म्हणजे पाणी फोडणे’ हे कळताच शेतकरी सावध होतो. प्रत्यक्षात टनभर लोहाच्या हायड्रोजनसाठी समीकरणाप्रमाणे अर्ध्या घनमीटरहून किंचित कमी पाणी लागते, आणि भट्टीत तेवढीच वाफ परत मिळते. ती थंड करून पुन्हा वापरता येते. शुद्धीकरण आणि शीतकरण धरले तर आकडा वाढतो, तरी आजच्या पोलाद कारखान्यांना टनामागे काही घनमीटर पाणी लागतेच. म्हणजे येथे भीती वास्तवापेक्षा मोठी आहे. ते स्पष्ट सांगावे, आकड्यासह सांगावे. पण जो विजेच्या बाबतीत खरे बोलला नाही, त्याच्या पाण्याच्या आकड्यावर कोणी का विश्वास ठेवावा?

आणि मग खनिज. हायड्रोजनच्या भट्टीला उंची खनिज लागते. लोहाचे प्रमाण शक्य तर 67 टक्क्यांच्या आसपास हवे, कारण झोतभट्टीत मळी होऊन निघून जाणारी माती येथे लोहाबरोबरच राहते. भिलाईला पोसणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणींतले चांगले खनिज संपत आले आहे. कमी प्रतीचे खनिज दळून, धुऊन उंचीवर आणायचे तर मागे उरतो तो बारीक लाल गाळ. दल्लीजवळच्या हितकसाच्या बंधाऱ्यात तो आधीच साठलेला आहे. बैलाडिलाच्या पायथ्याशी शंखिनी आणि डंकिनी नद्यांचे पाणी लाल होताना बस्तरने पाहिले आहे. म्हणजे आकाशातला कार्बन कमी करण्याची किंमत जमिनीवरच्या लाल गाळात मोजावी लागू शकते. हा दुवा हायड्रोजनच्या बातम्यांत क्वचितच दिसतो. खाणीखालच्या शेतकऱ्याला तो शिकवावा लागत नाही.

या सगळ्यावर उत्तर येते ते असे: प्रश्न विचारणे सोपे असते, पर्याय देणे अवघड, सामान्य माणूस तांत्रिक पर्याय कुठून आणणार? याच दल्ली राजहराने याचे उत्तर पंचेचाळीस वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

1970 च्या दशकाच्या शेवटी दल्लीच्या हाताने चालणाऱ्या खाणींचे पूर्ण यांत्रिकीकरण करण्याचा बेत होता. तेथे हजारो कंत्राटी कामगार खनिज फोडत, वेचत, भरत. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. बैलाडिलात यांत्रिकीकरणापाठोपाठ काय झाले ते त्यांच्यासमोर होते: हजारोंची कपात, आणि 5 एप्रिल 1978 रोजी किरंदुलला कामगारांवर गोळीबार. दल्लीच्या कामगारांची संघटना होती छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ आणि तिचे नेते शंकर गुहा नियोगी. हे नियोगी कधीकाळी भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये काम केलेले गृहस्थ. यंत्राला हात न लावलेले पुस्तकी क्रांतिकारक नव्हेत. संघटनेने ‘यंत्र नको’ असे म्हटले नाही. तिने ‘अर्ध-यांत्रिकीकरण’ मांडले. जी कामे माणसाच्या आवाक्याबाहेरची, ती यंत्राने करावीत. बाकी कामांत माणसे राहावीत. त्यासोबत टनामागच्या खर्चाचा हिशोब दिला. हाताने वेचलेले खनिज अधिक निवडक असते, हा गुणवत्तेचा मुद्दा दिला. यंत्र आले तर सर्वांत आधी बाईचे काम जाईल, हे व्यवस्थापनाच्या कोणत्याही तक्त्यात नसलेले निरीक्षण दिले.

पूर्ण यांत्रिकीकरण त्यानंतर बराच काळ लांबले. या काळात कारखाना बंद पडला नाही, रेल्वेचे रूळ बनतच राहिले. मधल्या काळात त्याच कामगारांनी आपल्या पैशांतून आणि श्रमांतून दल्लीत शहीद रुग्णालय उभे केले. नियोगींची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत, ते झोपेत असताना, गोळी घालून हत्या झाली.

दल्लीच्या पर्यायावर टीका करता येईल. हाताने खनिज फोडणे हे काही सन्मानाचे सुखासीन काम नव्हे. धूळ फुप्फुसात जाते, पाठ मोडते, आणि त्या कष्टाचे गोडवे गाणाऱ्यांनी एक पाळी करून पाहावी. अर्ध-यांत्रिकीकरण कायमचे टिकले नसते, टिकलेही नाही. परंतु मुद्दा तो नाही. निरक्षर म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसांनी एका सार्वजनिक उद्योगासमोर खर्च, गुणवत्ता आणि रोजगार या तिन्ही अंगांनी तपासता येण्याजोगा तांत्रिक प्रस्ताव ठेवला. त्याला ‘गैरसमज’ म्हणणे हाच मोठा गैरसमज होता.

शास्त्रज्ञांना ही गोष्ट आवडत नाही. कारण तिच्यात त्यांची भूमिका गुरूची राहत नाही. भौतिकशास्त्रज्ञांनी तर याची किंमत मोजली आहे. भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा आधी निलगिरीतील सिंगारा येथे होणार होती. व्याघ्र-अधिवासामुळे 2009 मध्ये ती जागा नाकारली गेली. मग तमिळनाडूतल्याच थेनी जिल्ह्यातील बोडी पश्चिम डोंगर निवडले. जानेवारी 2015 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. विरोध सुरू झाला तेव्हा वैज्ञानिकांनी जे सांगितले ते शब्दशः खरे होते: सूर्याकडून येणारे हजारो कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून आरपार जातात आणि काहीही होत नाही. डोंगरात अणुकचरा पुरणार आहेत ही अफवा होती आणि ती पसरवणाऱ्यांनी बेजबाबदारपणा केला, यात शंका नाही. पण पायथ्याच्या शेतकऱ्याचा प्रश्न न्यूट्रिनोविषयी नव्हताच. तो दोन किलोमीटर लांबीच्या बोगद्याविषयी होता, सुरुंगांविषयी, लाखो टन दगड ठेवायच्या जागेविषयी, भूजलाविषयी. त्याने बोगदा विचारला आणि त्याला कणभौतिकी सांगितली गेली. 2017 मध्ये हरित लवादाने पर्यावरणीय परवानगी स्थगित केली, तीही मूल्यांकन करणारी संस्था त्या कामासाठी मान्यताप्राप्त नव्हती या कारणाने. म्हणजे घाव न्यूट्रिनोवर बसला नाही, कागदपत्रांतल्या हलगर्जीपणावर बसला. 2022 मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रकल्पास नकार कळवला. 26 ऑगस्ट 2025 रोजी चीनच्या जूनो वेधशाळेने मोजमाप सुरू केले.

या प्रसंगातून आपल्या विज्ञानसंस्थांनी धडा घेतला तो ‘संवाद वाढवा’ एवढाच, आणि त्याचा अर्थ लावला तो अधिक पत्रके, अधिक चित्रफिती, शाळांतून अधिक व्याख्याने. ऐकणे हे संवादाचे अंग आहे याची आठवण फारशी कोणाला झालेली दिसत नाही.

ऐकण्याची एक कायदेशीर जागा आपल्याकडे आहे. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी बंधनकारक केली आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायला सांगितले. बहुतेक सुनावण्यांचे स्वरूप ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे: मंडप, पोलीस, पहिल्या रांगेत अधिकारी, आणि भाषांतरकाराने घाईघाईने केलेला, कोणालाच न कळणारा सारांश. दल्ली-रावघाटच्या पट्ट्यात स्थानिक भाषा म्हणजे कार्यालयीन हिंदी नव्हे. तेथे छत्तीसगढी आणि गोंडी बोलतात. गडचिरोलीत सूरजागडच्या खाणीबद्दल मराठीत कागद निघाला म्हणून माडिया बोलणाऱ्या गावाला तो कळला असे होत नाही. शिवाय सुनावणी येते ती प्रकल्पाचा आराखडा पक्का झाल्यावर. तोवर बदलण्यासारखे उरते ते मंडपाचे कापड.

40 टनांचा प्रायोगिक प्रकल्प म्हणून तर मोलाचा आहे. त्याचा आराखडा अजून मोठ्या कारखान्यात गोठलेला नाही. आयआयटी भिलाई ही सार्वजनिक पैशांवर चालणारी संस्था आहे, कुटेलाभाठ्याच्या आवारात ती ज्या शेतशिवारात उभी आहे त्याच शिवारातल्या लोकांना पुढे या तंत्रज्ञानाबरोबर राहायचे आहे. प्रकल्पाला लागणारी वीज कोणत्या तासाला कुठून आली, हे वर्षाच्या सरासरीने नव्हे तर तासागणिक जाहीर करता येईल. हायड्रोजन गळतीच्या संवेदकांची नोंद आणि भट्टी किती वेळा आपत्कालीन स्थितीत बंद करावी लागली याची नोंद फाटकावरच्या फलकावर, छत्तीसगढीत, लावता येईल. खनिज कुठल्या खाणीतले, ते उंची करताना टनामागे किती गाळ उरला, हे मोजता येईल; अवघड काहीच नाही, वजनकाटा लागतो. आणि सुरक्षेचा आराखडा तपासणाऱ्या समितीत 2014 च्या त्या संध्याकाळी पाळीवर असलेल्या कामगारांपैकी कोणी बसवता येईल. पाण्याचा दाब पडला तर काय होते, हे त्याला व्याख्यान देऊन शिकवावे लागणार नाही.

कोक ओव्हनवर आज काम करणाऱ्या माणसाचाही एक प्रश्न उरतो. हायड्रोजनच्या मार्गात कोक लागत नाही. म्हणजे कोक ओव्हनही लागत नाही. तेथे उष्णतेत, डांबराच्या वाफेत केलेले काम संपले तर त्याच्या फुप्फुसांसाठी ते चांगलेच आहे. पण तो विचारणार: नव्या भट्टीवर कोण असेल, आणि त्याचे प्रशिक्षण भट्टी पेटण्याच्या आधी सुरू होईल की नंतर?